31 जुलै ही शेवटची तारीख: पडेगावच्या इमारतमालकांना जाहीर इशारा

पडेगाव-मिटमिटा रस्त्यालगतची गोदामे, मंगल कार्यालये, दवाखाने, वसतिगृहे, शोरूम आणि बहुमजली अपार्टमेंट यांचे मालक व भोगवटादार यांना पडेगावच्या रहिवाशांतर्फे हा जाहीर इशारा आहे. ज्या इमारतीला फायर ऑडिट लागू आहे, तिचे ऑडिट 31 जुलैपर्यंत झालेच पाहिजे आणि त्याचा दाखला दर्शनी भागात लागलाच पाहिजे.

आम्ही नवे काही मागत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 सालचा आहे. आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याच्या कलम 3 ने मालकावर आणि भोगवटादारावर टाकली आहे, अग्निशमन दलावर नाही. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून जानेवारीत आणि जुलैत नमुना ‘ब’ प्रमाणपत्र सादर करायचे, हेही त्यातच आहे. ‘आम्हाला कुणी नोटीस दिली नाही’ ही सबब यापुढे ऐकली जाणार नाही.

छावणीतला दाणाबाजार पडेगावपासून लांब नाही. 3 एप्रिल 2024 च्या पहाटे तिथे तळमजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानाला आग लागली आणि वर झोपलेले एकाच कुटुंबातले 7 जण गेले. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचल्याही नव्हत्या. धुरानेच ते गुदमरले. त्याआधी तीन महिने, 31 डिसेंबर 2023 ला, वाळूज एमआयडीसीतल्या हातमोज्यांच्या कारखान्याच्या आगीत 6 कामगारांचा जीव गेला. तेही आतच झोपले होते. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 ला लागलेल्या आगीत 10 नवजात बाळे दगावली.

या तिन्ही आगी रात्रीच्या आहेत, आणि आमचे ऑडिट मात्र दिवसा उरकले जाते. तपासणारा येतो तेव्हा शटर वर असते, जिना मोकळा केलेला असतो, दारे सताड उघडी असतात. रात्री त्याच इमारतीच्या चॅनल गेटला कुलूप लागते, गच्चीच्या दाराला दुसरे, आणि चाव्या असतात मालकाच्या घरी. गोदामात प्लास्टिक आणि रद्दीच्या गठ्ठ्यांशेजारी कामगार अंथरूण टाकतात. जिन्याखाली वीजमीटरांची रांग, तिला खेटून गाड्या, त्यातली एखादी रात्रभर चार्जिंगला. तिथे पेट घेतला तर धूर त्याच जिन्याने वर चढतो, म्हणजे पळायची एकमेव वाटच बंद होते. असल्या इमारतीत भिंतीवर नवा कोरा सिलिंडर टांगून काय उपयोग?

म्हणून नुसता कागद चालणार नाही. गच्चीवरचा व्हॉल्व्ह उघडून पाण्याला दाब आहे का ते पाहा. पंप ऑटोवर आहे की बंद करून ठेवला आहे? सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा, त्यावर पुन्हा भरण्याची तारीख हवी, आणि तो वापरता येणारा माणूस रात्रपाळीलाही हवा. रात्री आत कोण झोपते आणि चावी कुणाकडे असते, हे लेखी नोंदवा. बाहेर पडण्याच्या दाराला आतून सहज उघडणारी कडी बसवा. बाहेरून कुलूप लावणे आजपासून बंद करा. यासाठी 31 जुलैची वाट पाहायची गरज नाही.

जागेवर न येता सही-शिक्का देणाऱ्या संस्थांनीही ऐकून ठेवावे. अशी प्रमाणपत्रे सापडली, तर तुमचा परवाना रद्द करण्याची मागणी महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाकडे केली जाईल.

1 ऑगस्टला आम्ही रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दारोदार फिरू. ज्या इमारतीवर दाखला दिसणार नाही, तिची छायाचित्रांसह लेखी तक्रार महापालिकेच्या मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांकडे जाईल. जिवाला धोका असलेली इमारत रिकामी करून सील करण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे अधिकार कायद्याने त्यांना दिले आहेत. ते वापरावेत, अशी मागणी आम्ही करू. कायदा मोडणाऱ्याला 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 20 हजार ते 50 हजार रुपये दंड आहे. दाखला नसलेल्या मंगल कार्यालयात पडेगावचे एकही लग्न लागणार नाही, हे आम्ही घरोघर सांगू.

महापालिकेलाही मुदत आहे. तक्रारीवर 30 दिवसांत कारवाई झाली नाही, तर कोणत्या अधिकाऱ्याकडे कागद अडला, हे माहितीच्या अधिकारात विचारू आणि ती कागदपत्रे घेऊन उच्च न्यायालयाच्या खंडपीठात जाऊ. ते याच शहरात आहे.

मुदतवाढ मिळणार नाही.