हजेरी आणि आस्था

घरून काम करणाऱ्या नोकरवर्गाविषयी आज जो वाद चालू आहे, त्यात दोन पक्ष पडले आहेत, आणि दोहोंपैकी एकाचेही प्रतिपादन मला मान्य होण्याजोगे वाटत नाही. एका पक्षाचे म्हणणे असे की, माणूस वरिष्ठाच्या नजरेआड गेला की त्याचे मन कामातून उडते, सबब त्याच्यावर यंत्राचा पहारा बसवावा, नाहीतर त्याला सरळ कचेरीत बोलावून घ्यावे. दुसरा पक्ष मनाने अधिक उदार आहे. त्याच्या मते दूर बसलेला माणूस एकाकीपणाने कोमेजतो, म्हणून त्याला खेळ, गाणी आणि भेटवस्तू यांच्या योगाने उल्हसित ठेवावे. पहिल्याला हजेरी हवी आहे, दुसऱ्याला हसरे चेहरे. परंतु त्या माणसाने दिवसभर खपून जे काम पुरे केले ते कोणी नीट पाहिले की नाही, त्याच्या शंकेला उत्तर मिळाले की नाही, हा प्रश्न दोघांनीही विचारात घेतलेला नाही, आणि मूळ दुखणे तर तेथेच आहे.

पहिला पक्ष आधी विचारात घेऊ, कारण आज त्याचीच चलती आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागू झाली आणि संगणक-व्यवसायातील प्रचंड मनुष्यबळ पाहता पाहता घरोघर विखुरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राच्या दूरसंचार विभागाने कॉल सेंटरसारख्या सेवांवरील जुने निर्बंध सैल करून घरून काम करण्याची वाट मोकळी केली. मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने तर, २०२५ पर्यंत कोणत्याही वेळी २५ टक्क्यांहून अधिक सेवकांनी कचेरीत असण्याची गरज उरणार नाही, असे जाहीर केले होते. पण २०२३ च्या ऑक्टोबरात तिनेही आपल्या लोकांना कचेरीत रुजू होण्यास सांगितले. माणसांना कोठे बसवावे हे ठरविण्याचा अधिकार मालकाचा आहे, त्याविषयी माझा वाद नाही. वाद आहे तो अशा निर्णयांच्या समर्थनार्थ सर्रास पुढे केल्या जाणाऱ्या या गृहीतकाशी, की अंतर वाढले म्हणजे निष्ठा घटलीच पाहिजे. २०२२ साली मायक्रोसॉफ्टने अकरा देशांतील वीस हजार लोकांची जी पाहणी केली, तीत ८७ टक्के सेवक आपले काम चोख होत असल्याचे सांगत होते, आणि ८५ टक्के वरिष्ठ मात्र, माणसे अशी विखुरल्यावर त्यांच्या कामाबद्दल भरवसा वाटणे कठीण जाते, असे म्हणत होते. सेवकाने स्वतःविषयी दिलेली ग्वाही मी पुरावा म्हणून स्वीकारणार नाही. परंतु मग वरिष्ठाची शंका तरी पुरावा म्हणून का स्वीकारावी?

खरा पुरावा अन्यत्र आहे. चीनमधील सीट्रिप या प्रवास-कंपनीने २०१० च्या अखेरीस आपल्या शांघाय येथील कॉल सेंटरमध्ये एक प्रयोग आरंभिला आणि स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम यांनी सहकाऱ्यांसह त्याचा अभ्यास केला. घरून काम करण्यास स्वखुशीने पुढे आलेल्या पात्र सेवकांपैकी ज्यांची जन्मतारीख सम होती, त्यांना आठवड्यातून चार दिवस घरून काम करण्याची मुभा मिळाली आणि विषम तारखेचे कचेरीतच राहिले, त्यामुळे कष्टाळूंनी घर निवडले आणि आळशांनी कचेरी, अशी शंका घेण्यास जागाच उरली नाही. नऊ महिन्यांनंतर घरी बसलेल्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सरस ठरली आणि त्यांच्यातील नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. नजरेआड गेलेला माणूस आळसावतो, या सिद्धांताला इतका सरळ छेद क्वचितच मिळाला असेल. मात्र याच प्रयोगातली आणखी एक गोष्ट वादात सहसा कोणी उच्चारत नाही: कामगिरी सारखी असूनही घरी बसलेल्यांच्या वाट्याला बढती कमी आली. काम वाढले, पण ज्यांच्या हाती हुद्दे होते त्यांच्या ते ध्यानात राहिले नाही. दूरस्थ सेवकाचा उत्साह पुढेमागे मावळत असेल, तर त्याचे कारण शोधण्यास याहून दूर जाण्याची आवश्यकता नाही.

आणि पहाऱ्याने साधते काय? माणसाच्या कामावर नव्हे तर हालचालीवर नजर ठेवली, की माणूस हालचालच निर्माण करून देतो. २०२४ मध्ये अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने बाराहून अधिक सेवकांना कमी केले. त्यांच्यावर ठपका होता तो कळफलक चालू असल्याचा कृत्रिम आभास निर्माण केल्याचा. त्या सेवकांचे समर्थन मला करावयाचे नाही. तथापि ज्या व्यवस्थेत कळफलकाची हालचाल हेच उद्योगाचे प्रमाण ठरते, तिने प्रामाणिक मनुष्यालाही असेच शिकविले आहे की, विचार करीत स्वस्थ बसणे हा कसूर आहे.

दुसऱ्या पक्षाविषयी मला अधिक सहानुभूती आहे, पण त्याचा उपायही रोगाला लागू पडत नाही. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहून पुण्याच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअरची तपासणी करणारी एक तरुणी माझ्या परिचयाची आहे. माडीवरच्या खोलीत, वीज गेली तर खोळंबा नको म्हणून इन्व्हर्टरशेजारीच तिने टेबल मांडले आहे. एकदा हिशेबाच्या आज्ञावलीत, रक्कम परत करताना कर दोनदा वजा होतो, ही चूक तिने शोधून काढली, ती कोणत्या क्रमाने केव्हा घडते याचे टिपण पायरीपायरीने, चित्रांसह लिहिले आणि वरिष्ठांकडे धाडले. आठवडा उलटला तरी उत्तर नाही. त्याच आठवड्यात शुक्रवारी दुपारी चार वाजता कॅमेरा चालू ठेवून अंताक्षरीस हजर राहण्याचे मात्र फर्मान आले, आणि पाठोपाठ कंपनीचे नाव छापलेला कप टपालाने घरपोच झाला. पुढे त्या टिपणाचे काय झाले ते तिला दुसऱ्याच कोणाच्या बोलण्यातून कळले: चूक दुरुस्त झाली होती. ही गोष्ट मला सांगताना तिच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते, कारण ज्याला राग येतो त्याची आस्था अद्याप शिल्लक असते. ‘आता मी सांगितलं तेवढंच करते,’ एवढेच ती म्हणाली.

ज्यांना वाटते की दूर बसलेल्या माणसाकडून मनापासून काम करून घेण्याचा प्रश्न आंतरजालाबरोबर जन्मास आला, त्यांनी आपल्याकडील पेशवाईचा पत्रव्यवहार उघडून पाहावा. दिल्लीच्या दरबारी हिंगणे होते, हैदराबादेस निजामाकडे गोविंदराव काळे होते. पुण्याहून शेकडो कोसांवर, पत्राच्या जाण्यायेण्यात दिवसचे दिवस लोटत असता, या वकिलांना परक्या दरबारात आपल्या बुद्धीने निर्णय घ्यावे लागत. गोविंदराव काळे यांनी १७९३ साली नाना फडणिसांना लिहिलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. महादजी शिंद्यांच्या पराक्रमाचा अभिमान त्यात ओसंडून वाहतो, आणि वर्षानुवर्षे परमुलखात राहिलेल्या माणसाची आपल्या राज्याविषयीची आस्था किती जिवंत राहू शकते, याची ते पत्र साक्ष देते. या व्यवहारातील एक शिरस्ता मला फार मोलाचा वाटतो. उत्तर लिहिणारा प्रथम आलेले पत्र पावल्याची नोंद करी, त्यातील मजकूर कलमवार थोडक्यात फिरून सांगे, आणि मग प्रत्येक कलमाखाली आपला अभिप्राय वा आज्ञा लिही. दूर बसलेल्या वकिलास त्यायोगे दोन गोष्टी निःसंशय कळत: आपले लिहिणे अथपासून इतिपर्यंत वाचले गेले आहे, आणि त्यातील कशावर काय निर्णय झाला. त्या काळातील सर्वच व्यवहार आदर्श होता, असे माझे म्हणणे नाही. तेथेही पैसा वेळेवर न पोहोचल्याच्या तक्रारी आहेत, परस्परांवरचे संशय आहेत. पण कलमवार उत्तराचा हा शिरस्ता कागद आणि जासूद एवढ्या सामग्रीवर पाळता येत होता, आणि निमिषार्धात निरोप पोहोचविणारी यंत्रे हाती असता आपण तो सोडून दिला आहे.

प्रतिपक्षाचा एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. नवखा माणूस शेजारी बसून शिकतो. अनुभवी मनुष्य अडचणीला कसा भिडतो, फोनवर रागावलेल्या ग्राहकाशी कसा बोलतो, हे कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नसते. मायक्रोसॉफ्टच्याच एकसष्ट हजारांवर सेवकांच्या २०२० मधील व्यवहाराचा जो अभ्यास पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला, त्यातही असे आढळले की, घरून काम सुरू झाल्यावर माणसे आपापल्या गटातच अधिक वावरू लागली आणि इतर गटांशी असलेले दुवे क्षीण झाले. सीट्रिपमध्येही प्रयोग संपल्यावर पुन्हा निवड करण्याची मुभा मिळताच निम्म्याहून अधिकांनी आपली जागा बदलली आणि एकाकीपणाला कंटाळून कित्येक जण कचेरीत परतले. तरीही, किंबहुना त्यामुळेच, कामातील वाढ १३ वरून सुमारे २२ टक्क्यांवर गेली, कारण ज्याला जे मानवले ते त्याने पत्करले. म्हणून नवागताला पहिले वर्षभर कचेरीत बसविणे मला योग्य वाटते, परंतु मग त्याला शिकविणारा अनुभवी सहकारीही त्याच दिवशी तेथे हजर असला पाहिजे. अन्यथा हिंजवडीच्या वाहतुकीत दोन तास घालवून तो रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसतो आणि दुसऱ्या शहरातील वरिष्ठाशी कानाला यंत्र लावूनच बोलतो. अशा हजेरीने तो काहीही शिकत नाही.

तेव्हा माझे प्रतिपादन असे आहे की, दूरस्थ सेवकास पुरी जबाबदारी नेमून द्यावी, तिच्या आत निर्णय घेण्याचा अधिकार द्यावा, त्याने लिहिलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या टिपणास ठरलेल्या मुदतीत कलमवार उत्तर द्यावे, काम स्वीकारले तर त्याच्या नावानिशी आणि नाकारले तर कारणासह. आणि बढतीचे निकष लेखी ठरवून वर्षअखेरीस कचेरीतले किती वर चढले व घरचे किती, याचा ताळा सर्वांपुढे मांडावा. यावर कोणी म्हणेल की इतकी उत्तरे लिहिण्यास वरिष्ठाला सवड कोठून मिळावी. चाळीस माणसे हाताखाली देऊन दिवसभर बैठकांना जुंपलेल्या वरिष्ठाला ती मिळणार नाही, हे उघड आहे. त्यावर इलाज म्हणजे एका वरिष्ठाखालची माणसे कमी करणे आणि उत्तर देण्याचे काम त्याच्या कर्तव्यात रीतसर गणणे. त्यासाठी खर्च येईल. परंतु घरून काम करणाऱ्यांमुळे कचेरीच्या भाड्यात, विजेत आणि बसगाड्यांत मालकाची जी बचत होते, ती आजवर सबंध नफ्याच्या बाजूला जमा होत आली आहे. तिच्यातला निदान अर्धा भाग या कामी लावावा, एवढी मागणी अवाजवी नाही.