धान्याची गोळी निजायच्या खोलीत

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा हा भाताचा मुलूख. येथील चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. याच जिल्ह्यातील वारासिवनीच्या परिसरात पिकलेले धान जेव्हा घरातच साठवले जाते, तेव्हा सोंडे, पाकोळी आणि उंदीर हा प्रश्न केवळ गोदामाचा राहत नाही. धान्य वाचवण्यासाठी अशा कोठीत ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी टाकली गेली, तर धोका थेट कुटुंबाच्या उशाशी येतो. ओलावा लागताच या गोळीतून फॉस्फिन वायू सुटतो. तो किड्याप्रमाणे माणसालाही मारतो आणि त्याच्यावर कोणताही खास उतारा उपलब्ध नाही.

कायदा याबाबत मुका नाही. कीटकनाशक अधिनियम, 1968 आणि त्याखालील 1971 च्या नियमांनी हे क्षेत्र बांधले आहे. ही गोळी सर्वसामान्य ग्राहकाला विकता येत नाही. ती शासकीय संस्था व कीड नियंत्रण व्यावसायिक यांनाच, तज्ज्ञांच्या देखरेखीच्या अटीवर मिळू शकते. तीन ग्रॅमच्या दहा आणि वीस गोळ्यांच्या नळ्यांवर तर पूर्ण बंदी आहे. व्यावसायिकाला परवान्यासाठी कृषी वा रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी आणि किमान 15 दिवसांचे प्रशिक्षण आवश्यक ठरते.

तरीही नोव्हेंबर 2024 मध्ये चेन्नईनजीकच्या कुंड्रातूर येथे व्यावसायिकांकडून घरात उंदरांचे विष ठेवून घेतल्यानंतर दोन बालकांचा मृत्यू झाला. ही घटना एका उणिवेकडे बोट दाखवते. नियमांचा भर विक्रेता व परवाना यांवर आहे. फवारणीनंतर घरात केव्हा परतावे, खोली किती वेळ उघडी ठेवावी, शेजाऱ्यांना कळवावे की नाही, हे प्रामुख्याने वेष्टनावरील सूचनांवर आणि कामगाराच्या विवेकावर अवलंबून राहते. परवाना व तपासणीची यंत्रणा मुख्यतः कृषी खात्याकडे असते. निवासी इमारतीचा जिना मात्र तिच्या वाटेवर सहसा येत नाही.

गोव्यातही हाच केंद्रीय कायदा लागू आहे. येथील दमट हवेत वाळवी व झुरळे बारमाही, आणि एकमेकींना लागून असलेल्या सदनिकांत वायूला भिंत अडवतेच असे नाही. म्हणून नगरपालिका व पंचायतींनी एक साधी अट घालावी: औषधाचे नाव, परवाना क्रमांक आणि घरात परतण्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी रहिवाशाच्या व शेजाऱ्याच्या हाती पडल्याखेरीज काम सुरू होऊ नये. तोवर परवाना मागून पाहणे, हे ग्राहकाचे पहिले संरक्षण होय.