अंगणवाडीतील विज्ञान : निकष कोणाचा?

प्रशासनात दौऱ्याला फार महत्त्व आहे, आणि दौऱ्यात अंगणवाडीला भेट हा ठरलेला कार्यक्रम असतो. मध्य भारतातील एका आदिवासीबहुल जिल्ह्यात अशीच एक भेट चालू होती. सेविकेने सतरंजीवर हिरडे, बेहडे, चिंचोके, मोहाच्या बिया आणि एक-दोन करंजाच्या बिया पसरल्या होत्या. त्यांचे 'लहान' आणि 'मोठे' असे दोन ढीग मुलांनी करायचे होते. पाच वर्षांच्या एका मुलीने मात्र तीन ढीग केले. हिरडे व बेहडे एकीकडे, चिंचोके व मोहाच्या बिया दुसरीकडे आणि करंजाची एक बी वेगळी. साहेबांसमोर मुलगी चुकली म्हणून सेविका ओशाळली. तिने हळूच "असे का केलेस?" म्हणून विचारले. मुलगी म्हणाली, "हे बाजारात जाणारे. हे घरी लागणारे." आणि ती एकटी बी? "ती मला ठाऊक नाही."

मी हसून तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि निरीक्षण पुस्तिकेत शेरा लिहिला, "वर्गीकरणाची कृती समाधानकारक नाही. सेविकेस प्रशिक्षणाची आवश्यकता." तो शेरा आजही कोठल्यातरी कपाटात असेल. प्रशिक्षणाची आवश्यकता कोणाला होती, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

त्या मुलीने जे केले ते विज्ञान होते. तिने वस्तू पाहिल्या, निकष ठरवला, तो सर्व वस्तूंना सारखा लावला आणि जी वस्तू निकषात बसेना तिच्याबद्दल "ठाऊक नाही" असे स्वच्छ सांगितले. मी जे मागत होतो ते आज्ञापालन होते. माझ्या लेखाचा मुद्दा एवढाच आहे. बालवयात वर्गीकरण हे विज्ञानाचे पहिले पाऊल आहे हे सर्वांना मान्य आहे. परंतु निकष ठरविण्याचा अधिकार मुलाकडून काढून घेतला की त्यातील विज्ञान संपते, उरते ती फक्त निवडानिवड.

जुन्या शास्त्रकारांना ही गोष्ट नीट माहीत होती. चरकसंहितेत वनस्पतींचे चार गट आहेत आणि प्रत्येकाचा निकष उघड सांगितलेला आहे. फुलाविना फळ येणारी ती वनस्पती, फुलातून फळ येणारा तो वानस्पत्य, फळ पिकल्यावर मरणारी ती औषधी आणि पसरणारी ती वीरुध. युरोपात लिनिअसने १७५८ च्या आवृत्तीत देवमाशाला माशांतून काढून सस्तन प्राण्यांत नेले. प्लूटो २००६ साली ग्रहांच्या यादीतून बाहेर पडला. देवमासा बदलला नव्हता, प्लूटोही बदलला नव्हता, बदलला तो निकष. ढीग मोडून पुन्हा लावता येतो हे ज्याला लहानपणी हाताने कळले, त्याला पुढे विज्ञान परके वाटत नाही.

यावर शंका निघते की, मग मूल काहीही करील आणि आपण त्याला बरोबर म्हणायचे काय? नाही. निकष मुलाचा असला तरी शिस्त निकषाची असते. तीन-चार वर्षांचे मूल लाल वस्तू वेगळ्या काढू लागते आणि मध्येच गोल वस्तू घेऊ लागते, किंवा वस्तूंचे घर नाही तर आगगाडी मांडते. पियाजे आणि इनहेल्डर यांनी हे टप्पे बारकाईने नोंदविले आहेत. यात चूक काही नाही, ते वयाचे वळण आहे. अशा वेळी सेविकेचे काम ढीग दुरुस्त करण्याचे नसून एक प्रश्न विचारण्याचे आहे, "मग हा खडा या ढिगात का?" त्या एका प्रश्नाने मूल आपल्याच कामाकडे पुन्हा पाहते. उत्तर सांगून टाकले तर ते आपल्या तोंडाकडे पाहू लागते.

आता आपण प्रत्यक्षात काय करतो ते पाहू. कागदावर आपण कमी नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या सहा सेवांमध्ये शालापूर्व शिक्षण पहिल्यापासून आहे. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४५ मध्ये सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण आले. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२२ चा पायाभूत स्तराचा आराखडा आणि २०२४ चा 'आधारशिला' हा अभ्यासक्रम, सर्वांचा भर खेळातून शिकण्यावर आहे. धोरणाला दोष देण्यास जागा नाही. दोष आहे तो धोरण आणि सतरंजी यांच्यामध्ये बसलेल्या आपल्यात.

पहिला दोष खरेदीचा. धोरणात 'साहित्य' हा शब्द आला की आपल्याला निविदा दिसते. मग प्लास्टिकची सफरचंदे आणि स्ट्रॉबेरी जंगलातल्या गावी पोहोचतात. ती फळे आतून पोकळ असतात. वजन जवळजवळ सारखे, वास नाही, साल नाही, बी नाही, पाण्यात टाकली तर सारीच तरंगतात. मग त्यांचे वर्गीकरण रंग आणि आकार सोडून दुसऱ्या कशाने करणार? खरी चिंच, खरे पान, खरा दगड यांत दहा निकष दडलेले असतात. शिवाय ते फुकट असतात, आणि बहुधा तोच त्यांचा अपराध आहे. फुकट वस्तूचे देयक निघत नाही, उपयोगिता प्रमाणपत्र देता येत नाही, साठा नोंदवहीत ती दिसत नाही.

हे मी नव्याने सांगतो आहे असे नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साथीने हेच केले. मॉन्टेसरीचे महागडे साहित्य वारली मुलांपर्यंत पोहोचणार नाही हे ओळखून त्यांनी खडे, शिंपले, पाने, बिया यांनाच साहित्य केले, आणि मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीच त्याच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हे नाव आपण त्यांच्याकडून उचलले आणि अंगण मात्र बाहेरच ठेवले.

दुसरा दोष रकान्याचा. तपासणी नमुन्यात 'साहित्य उपलब्ध आहे काय?' असे विचारलेले असते. मुलाने काय विचार केला, हे विचारलेले नसते. सेविकेला वजन, उंची, आहार, गृहभेटी, लसीकरण, सर्वेक्षण यांची माहिती भरायची असते, आता ती भ्रमणध्वनीवरही भरावी लागते. ही कामे अनावश्यक आहेत असे माझे म्हणणे नाही, कुपोषित बालकाचे वजन घेतलेच पाहिजे. परंतु मानधनावर राबणाऱ्या या बाईच्या सकाळच्या दोन तासांवर गावातील पंचवीस मुलांचा हक्क आहे. नेमक्या त्याच वेळी 'तातडीची माहिती' मागविणारे आपणच असतो.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. छापील कृतिपत्रिकांतून आपण कोणते ढीग शिकवितो? 'मुलांची खेळणी' व 'मुलींची खेळणी', 'आईची कामे' व 'बाबांची कामे', 'चांगला मुलगा' व 'वाईट मुलगा'. येथे वर्गीकरणाच्या नावाखाली समाजाचे पूर्वग्रह चार वर्षांच्या मुलाच्या हातात दिले जातात, आणि वेगळा ढीग करणाऱ्यावर लाल फुली पडते.

हे मला गंभीर का वाटते? कारण शासन हे स्वतःच वर्गीकरण करणारे यंत्र आहे. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी संपूर्ण जमाती 'गुन्हेगार' या ढिगात टाकल्या. तो ढीग मोडायला १९५२ साल उजाडले, आणि त्याचा डाग अजून पुसलेला नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत घरी दुचाकी किंवा फ्रीज असणे एवढ्यावर कुटुंब आपोआप वंचितांच्या हिशेबाबाहेर जात होते. यादीत नाव नाही म्हणून कचेरीच्या दारात येणारा माणूस बहुतेक वेळा हात जोडून "काहीतरी करा" म्हणतो. "निकष कोणता होता आणि तो मला कसा लावला?" असे विचारणारा विरळा. हा प्रश्न विचारण्याची सवय अठराव्या वर्षी मतदार ओळखपत्राबरोबर मिळत नाही. ती सतरंजीवर, हातात दोन बिया असताना लागते. १९७६ साली आपण वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून राज्यघटनेत लिहिले. त्या कर्तव्याचा पहिला पाठ अंगणवाडीत आहे.

पालकांना अक्षरे हवी असतात आणि त्यांची मागणी प्रामाणिक असते. गल्लीतल्या खासगी बालवर्गात चार वर्षांचे मूल वही भरून एबीसीडी लिहिते, मग आपले का नाही, असे त्यांना वाटते. त्यांना हसून चालणार नाही. 'क' आणि 'फ' यांतील फरक ओळखणे हेही वर्गीकरणच आहे, आणि ज्याची नजर आधी पानांवर तयार झाली त्याला तो फरक लवकर दिसतो, हे त्यांना दाखवून द्यावे लागेल. गावातल्या आया मोहाची फुले वाळवून आणि तेंदूची पाने जुळवून विकतात. निवड म्हणजे काय हे त्यांना समजावण्याची गरज नाही. महिन्यातून एकदा त्यांना अंगणवाडीत बसवा, त्या आपल्यालाच शिकवतील.

करायचे ते फार थोडे आहे. साहित्याच्या रकमेतील काही भाग सेविकेच्या मर्जीवर सोडावा आणि गोळा केलेल्या वस्तूंना साहित्य म्हणून मान्यता द्यावी. बारीक बिया नाका-घशात जातात, म्हणून लहानग्यांना मोठी पाने, शेंगा व मुठीत न मावणारे दगड द्यावेत, ही काळजी प्रशिक्षणात शिकवावी. सकाळच्या दोन तासांत कोणतीही बैठक व माहितीची मागणी नको, आणि हा आदेश जिल्हाधिकाऱ्याच्या सहीने निघावा. मुलगे-मुलींच्या कामांचे ढीग करणाऱ्या कृतिपत्रिका बंद कराव्यात. आणि भेटीला जाणाऱ्या अधिकाऱ्याने पंधरा मिनिटे खाली बसून एका मुलाला "असे का केलेस?" एवढेच विचारावे व त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत निरीक्षण पुस्तिकेत लिहावे. त्यासाठी नवा नमुना छापू नये.

ती मुलगी आता मोठी झाली असेल. करंजाची बी कोणत्या ढिगात जाते हे तिला कोणी सांगितले का, की "ठाऊक नाही" म्हणणे चूक असते एवढेच ती शिकली, ते मला माहीत नाही. माझा शेरा वाचून सेविकेने दुसऱ्या दिवसापासून दोनच ढीग करायला लावले असतील, ही शक्यता मात्र मला नाकारता येत नाही.