कमरेचे पिस्तूल आणि गाडीचा पट्टा

साध्या वेशातल्या अंगरक्षकाने पिस्तूल नेमके कुठे बाळगावे, यावर आपल्या क्षेत्रातला वाद मिटत नाही. तो बहुधा पिस्तूल किती चटकन हाती येते, याच मुद्द्यापाशी अडतो. दिवसभराच्या ड्युटीत बसता-उठता नळीचे तोंड कोणाकडे असते आणि चाप झाकलेला असतो का, हे कोणी विचारत नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या नाइटक्लबमध्ये अमेरिकी फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस याने होल्स्टरशिवाय कमरेला खोचलेले ग्लॉक घसरले. सावरताना चाप ओढला गेला आणि गोळी त्याच्याच मांडीत गेली. जून २०१८ मध्ये डेन्व्हरच्या एका बारमध्ये सुट्टीवरच्या एफबीआय एजंटाने नाचताना कोलांटी मारली. पिस्तूल पडले, त्याने ते घाईने उचलले आणि गोळी एका ग्राहकाच्या पायात घुसली. दोन्हीकडे घात केला तो पिस्तूल धरायला धावलेल्या बोटाने. चाप पूर्ण झाकणारे, घट्ट धरणारे होल्स्टर आधी. जागेची चर्चा नंतर.

पोटापुढची जागा लपवायला आणि गर्दीत राखायला उत्तम. पण बसल्यावर नळी मांडीच्या मुख्य धमनीकडे वळते, म्हणून पिस्तूल परत ठेवताना शर्टाचे टोक आत अडकले नाही ना, हे खाली पाहूनच ठेवावे. पाठीच्या मधोमध खोचणे सिनेमातल्या नायकालाच लखलाभ: पाठीवर पडलात तर मणक्याला इजा, आणि मागून कोणी हात घातला तर कळायचेही नाही. खांद्याच्या आडव्या होल्स्टरमधली नळी मागे उभ्या असलेल्यावर रोखलेली राहते, शिवाय मुंबईच्या घामात वर कोट हवाच. घोट्यावरचे पिस्तूल धावणाऱ्याच्या कामाचे नाही.

उरते उजवी कंबर. सफारी सुटाखाली ती सहज झाकली जाते आणि आमचा कौलही तिलाच. मात्र चालक डावीकडे बसतो अशा देशांतल्या पुस्तकांत एक अडचण चालकाची म्हणून सांगतात, ती आपल्याकडे अंगरक्षकाची होते. आपला अंगरक्षक पुढे डावीकडे बसतो, म्हणजे सीटबेल्टचे बक्कल नेमके त्याच्या उजव्या कमरेशी. सफारीचा घोळ पट्ट्याखाली दबतो, बक्कल सोडायला गेलेला हात मुठीला अडखळतो. पट्टा लावण्याआधी घोळ मोकळा करून पट्ट्याबाहेर काढावा आणि बक्कल डाव्या हाताने सोडण्याची सवय लावावी.

गोळीबाराचा सराव मात्र बहुधा मैदानावर, उभ्यानेच होतो. त्यात गाडीतून उतरण्याचा भाग हवा: अंगात रोजची सफारी, पट्टा लावलेला आणि होल्स्टरमध्ये डमी पिस्तूल.