मेंदूच्या वाटा आणि वळसे

नारायणगावहून मंचर, मंचरहून घोडेगाव, घोडेगावहून जुन्नर आणि जुन्नरहून पुन्हा नारायणगाव. जुन्नर-आंबेगावच्या आमच्या वाचकांना हा रस्त्यांचा फेरा तोंडपाठ आहे. यातला एखादा रस्ता बंद पडला, तरी एस.टी. उलट्या बाजूने फिरून मुक्कामाला पोहोचते. पण डोंगरातल्या ज्या वाडीला एकच रस्ता आहे, तो तुटला की वाडी जगापासून तुटली. अंतर किती, रस्ता सरळ की वाकडा, याला इथे महत्त्व नाही. कोण कोणाशी जोडलेले आहे आणि फेरा कुठे पूर्ण होतो, हे महत्त्वाचे.

याच विचारावर गणिताची एक अख्खी शाखा उभी आहे. तिला टोपॉलॉजी म्हणतात. कोनिग्सबर्ग शहरातले सात पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फिरता येईल का, या प्रश्नाचे उत्तर १७३६ साली ऑयलर या गणितज्ञाने दिले. त्याने अंतरे मोजली नाहीत, फक्त जोडण्या मोजल्या आणि तसे फिरता येणार नाही हे सिद्ध केले. आज तेच गणित माणसाच्या मेंदूला लावले जात आहे. विषय अवघड वाटेल. पण वाचकहो, तो आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत येतो.

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. १९८६ साली एका बारीक कृमीच्या ३०२ चेतापेशींचा, कोण कोणाला जोडलेली याचा नकाशा तयार झाला. २०२४ साली फळमाशीच्या मेंदूतल्या १,३९,००० हून अधिक पेशींचा झाला. माणसाच्या मेंदूचा असा नकाशा कोणाकडेही नाही. म्हणून शास्त्रज्ञ मेंदूचे शे-दोनशे भाग कल्पितात. दवाखान्यातल्या एमआरआय यंत्रानेच प्रत्येक भागातल्या रक्तप्रवाहाशी निगडित चढ-उतार टिपतात. दोन भाग बरोबरीने चढत-उतरत असतील, तर त्यांच्यात वाट आहे असे धरतात. भाग २०० असले, तर तपासायच्या जोड्या होतात १९,९००.

आता प्रश्न असा, की कितपत मेळ असला म्हणजे वाट म्हणायची? निकष कडक ठेवला तर थोड्याच वाटा उरतात, सैल केला तर सगळीकडे वाटाच वाटा. यासाठी डिंभे धरण डोळ्यांपुढे आणावे. घोड नदीवरच्या या धरणाने तालुक्याला नाव देणारे आंबेगाव पोटात घेतले. धरण भरले की समोरचा काठ दिसतो, पण रस्त्याने जायचे तर लांबचा वळसा पडतो. उन्हाळ्यात पाणी उतरते तशी जमीन उघडी पडते आणि वळसा आखूड होतो. पण वळसा राहतोच. शेतातल्या पावसाच्या डबक्यालाही वळसा घालावा लागतो, तो दोन दिवस. डबके आटले की संपले.

मेंदूच्या जाळ्यातही असे वळसे असतात. वाटांचा फेरा पूर्ण होतो, पण मधून आडवी वाट नसते. गणिती निकष थोडा थोडा सैल करत जातात आणि कोणता वळसा डबक्यासारखा चटकन बुजतो, कोणता धरणासारखा टिकतो, याची नोंद ठेवतात. टिकणारा वळसा जाळ्याची खरी ठेवण सांगतो, असे हे शास्त्र मानते. याच्याच जवळच्या, म्हणजे जाळ्याचा आकार मोजणाऱ्या गणिताने चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२२ साली ऑटिझम असलेल्या व नसलेल्या आठशेहून अधिक व्यक्तींच्या मेंदूची जाळी ताडून पाहिली. दोन्ही गटांच्या जाळ्यांच्या ठेवणीत त्यांना फरक आढळला.

हे अजून संशोधन आहे, दवाखान्यातली तपासणी नव्हे. त्याच्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. मग कष्टकरी घराला याचा उपयोग काय? उपयोग समजुतीचा आहे.

घरातल्या मुलीला फिट येते. पदरमोड करून एमआरआय काढला जातो. रिपोर्ट येतो ‘नॉर्मल’. मग एक जण म्हणतो ही नाटक करते, दुसरा म्हणतो बाहेरची बाधा आहे. बंधू-भगिनींनो, नेहमीचा एमआरआय रस्ते आणि घरे दाखवतो, रस्त्यावरून काय धावते ते दाखवत नाही. फिट म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या विजेच्या संदेशांचा एकाएकी उसळलेला लोंढा. तो जोडण्यांच्या वाटांनी पसरू शकतो. गाव जागच्या जागी असते, बिघाड वाहतुकीत असतो. चित्र स्वच्छ आले तरी आजार खरा असू शकतो. त्यावर अंगारा नको आणि मार तर नकोच नको.

फिट आल्यास माणसाला कुशीवर वळवावे. तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत थांबली नाही, तर दवाखाना गाठावा. नियमित औषधाने सुमारे ७० टक्के रुग्णांच्या फिट थांबू शकतात. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत.

आणखी एक गोष्ट आईबापांनी ध्यानात ठेवावी. आपल्या बौद्ध समाजालाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी अपस्मार, म्हणजे फिट, ही लग्नाला अडचण मानलेली होती. १९९९ साली तो शब्द कायद्यातून काढून टाकला गेला. कायद्याने काढला, आपल्या सोयरिकीच्या बैठकीतून मात्र तो अजून गेलेला नाही. आजार लपवून लग्न लावले की मुलगी सासरी गोळ्याही लपून घेते, आणि एक दिवस घेईनाशी होते. ज्या वाडीला एकच रस्ता तिचे काय होते, ते आपण जाणतोच. आपल्या लेकीला घरी, सासरी, शाळेत आणि दवाखान्यात अशा चार वाटा मोकळ्या असाव्यात. त्या बांधायला एमआरआयचे यंत्र लागत नाही.