सांताची टोपी आणि शेजारचा नाताळ

बेळगाव : गेल्या शनिवारी मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर निरोप आला. २४ तारखेला शाळेत ख्रिसमस आहे, मुलांनी लाल कपड्यांत यावं, सांताची टोपी आणावी, केक आणि खाऊचे दीडशे रुपये द्यावेत. पाच मिनिटांत अंगठे यायला लागले. मग एका बापानं लिहिलं, 'संक्रांतीला तिळगूळ वाटायचं शाळेला कधी सुचतं का?' दुसऱ्यानं तुळशीपूजनाचं चित्र टाकलं. एक आई म्हणाली, 'लहान पोरं आहेत, घालू देत की टोपी.' त्यानंतर दोन तास ग्रुप गप्प. या ग्रुपवर एक ख्रिस्ती पालकही आहेत. ते आधीही बोलले नाहीत, नंतरही नाहीत.

मीही काही लिहिलं नाही. बातमीदाराला दुसऱ्यांच्या भांडणात उभं राहायची सवय असते, आपल्या ग्रुपवरच्या नव्हे.

हा गोंधळ एकट्या बेळगावचा नाही. आपले वाचक जिथं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्या गावांकडं बघा. डिसेंबर २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या मकरपुरा भागात सांताच्या वेशात ख्रिस्ती घरांत गेलेल्या माणसाला मारहाण झाली. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या शाजापूरच्या जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांनी फर्मान काढलं, की मुलांना सांता वगैरे बनवायचं असेल तर शाळांनी आधी पालकांची लेखी परवानगी घ्यावी. २०२४ च्या नाताळात इंदूरमध्ये घरोघरी जेवण पोचवणाऱ्या एका पोराला रस्त्यात थांबवून त्याच्या अंगावरचा सांताचा पोशाख काढायला लावला. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. आपल्या कर्नाटकात २०२१ साली मंड्या जिल्ह्यातल्या पांडवपूरच्या एका शाळेत शिरून कार्यक्रम बंद पाडला गेला.

आता आकडे. २०११ च्या जनगणनेनुसार गुजरातेत ख्रिस्ती ०.५२ टक्के, मध्य प्रदेशात ०.२९ टक्के, कर्नाटकात १.८७ टक्के, महाराष्ट्रात एक टक्क्याला थोडे कमी. गोव्यात २५.१ टक्के. म्हणजे जिथं चौथा माणूस ख्रिस्ती, तिथं नाताळच्या टोपीवरून कुणाचं डोकं फिरत नाही, आणि जिथं तीनशे-साडेतीनशे माणसांत एक ख्रिस्ती, तिथं शिक्षणाधिकाऱ्याला परिपत्रक काढावं लागतं.

मी बी.कॉम. झालेला माणूस. दोन वेगळ्या खात्यांच्या नोंदी एकाच पानावर झाल्या की ताळेबंद जुळत नाही, एवढं तिथं शिकलो. नाताळच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतोय.

एक खातं बाजाराचं आणि शाळेचं. डिसेंबर लागला की गणपत गल्लीत टोप्या टांगलेल्या दिसतात. विकणारा तोच, जो दोन महिन्यांपूर्वी आकाशकंदील विकत होता. घेणारे शंभरातले नव्वद हिंदू. बेकरीवाल्याला, मॉलवाल्याला, इंग्रजी शाळेला हा महिना सोयीचा आहे. या खात्यावर ज्या पालकाला राग येतो, त्याचा राग मला खोटा वाटत नाही. टोपीची सक्ती कशाला? आणि पैसे घेऊन? घटनेचं २८ वं कलम म्हणतं, की सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणाला त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. सांताची टोपी ही काही उपासना नव्हे, पण पालकाला विचारावं ही अपेक्षा रास्तच. फक्त मग ती बारा महिने लागू व्हावी. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत शाळेत जे जे होतं त्यातल्या एकालाही परवानगीचा कागद लागत नाही आणि डिसेंबरातच लागतो, तेव्हा तो कागद पालकासाठी नसतो.

(आणि एक गोष्ट आपल्यातच बोलून घेऊ. याच शाळांच्या दारात प्रवेशासाठी पहाटेपासून उभे राहणारे आपणच. ओळखीच्या फादरांची चिठ्ठी मिळते का बघणारेही आपणच.)

दुसरं खातं जुन्या जखमेचं. ती जखम खरी आहे, तिला हसू नये. माझ्या आईच्या माहेरचं कुलदैवत मंगेशी. पोर्तुगीज आले १५१० साली. पुढं देवळं पाडायला लागले तसा देव कुठ्ठाळीहून रातोरात प्रियोळला हलवला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, हे आईनं मला मी पाचवीत असताना सांगितलं. बेळगाव, खानापूर, सावंतवाडी भागात अशी कितीतरी घरं आहेत. तिला केक आवडतो, पण नाताळ म्हटलं की कपाळावर एक आठी येते. ती आठी कुठल्या व्हॉट्सॲपनं पाडलेली नाही.

पण त्याच इतिहासाचं दुसरं पान आपण उलटत नाही. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेलं आणि १८१२ मध्ये कायमचं बंद झालेलं इन्क्विझिशन मुख्यतः कुणावर चाललं? ज्यांचं धर्मांतर झालं होतं त्यांच्यावर. बाप्तिस्मा झाल्यावरही घरात जुन्या चाली पाळतात, हा गुन्हा. १७३६ च्या फर्मानात तर घराजवळ तुळस लावायलाही त्यांना मनाई होती. आज २५ डिसेंबरला तुळशीचं चित्र ज्यांच्या तोंडावर मारलं जातं, त्यांच्या पणज्यांच्या पणज्यांची तुळस आधीच एकदा उपटली गेलीय. चित्र टाकणाऱ्या त्या पालकाला हे ठाऊक असतं तर त्यानं ते टाकलं असतं का, हे मला सांगता येत नाही. कदाचित टाकलंही असतं.

'परक्यांचा सण' या शब्दाबद्दलही थोडं. आपण ज्याला नाताळ म्हणतो तो शब्द पोर्तुगीज, गोव्यातून मराठीत आला आणि इतका मुरला की ख्रिसमस म्हटलं तरच परकं वाटतं. फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटानं ख्रिस्ताची कथा ओव्यांत लिहिली. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं, शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी. 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पद्मनजी जन्मले ते आपल्या याच बेळगावात, १८३१ साली. त्यांचं ते पुस्तक १८५७ चं, आणि मराठीतली पहिली कादंबरी कोणती या वादात त्याचं नाव पहिलं निघतं. रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' सांगायला नकोतच. तरी जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले तेव्हा एका धर्मगुरूला अध्यक्ष कसं केलं म्हणून विरोध झालाच. मराठी माणसाला मराठी बोलणारा ख्रिस्ती दिसला की त्याची आधी भाषा विसरायला होते.

आता तिसरं खातं, शेजाऱ्याचं. हे सगळ्यात लहान, आणि पहिल्या दोन्ही खात्यांची वसुली याच्याकडून होते.

आमच्या शेजारी एक आंटी राहतात. मूळ खानापूर तालुक्यातल्या, घरात कोकणी, आमच्याशी मराठी, भाजीवाल्याशी कन्नड. दिवाळीला आमच्याकडून फराळ जातो, नाताळला त्यांच्याकडून ताट येतं. त्यात नेवऱ्या असतात, कुलकुल असतात, दोदोलचे दोन तुकडे. नेवरी म्हणजे आपली करंजीच. गोव्यात चवथीला हिंदू घरात तीच, नाताळला ख्रिस्ती घरात तीच. या वर्षी मी आंटींना सांताबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्या लहानपणी सांता कुठला? आम्ही गोठा करायचो. पंधरा दिवस आधी नाचणी पेरायची, तिची हिरवी पाती आली की ती गोठ्यात गवत म्हणून लावायची. आता नातवाला गोठ्यातलं बाळ कोण ते विचारलं तर आधी सांताकडं बोट दाखवतो." चर्चमध्ये फादरही दरवर्षी हेच बोलतात म्हणे. म्हणजे ज्या टोपीवरून इंदूरच्या पोराला रस्त्यात अपमान गिळावा लागला, तिच्याबद्दल खुद्द आंटींच्याही मनात दोन मतं आहेत. फक्त त्यांना ती चारचौघांत बोलून दाखवायची सोय नाही.

मला २०२१ चा डिसेंबर आठवतो. सुवर्ण विधानसौधमध्ये हिवाळी अधिवेशन चालू होतं. २१ तारखेला धर्मांतरविरोधी विधेयक मांडलं गेलं, २३ ला विधानसभेत मंजूर झालं. नाताळच्या दोन दिवस आधी, आणि आमच्याच गावात. त्याच महिन्यात शहरातल्या एका चर्चच्या आवारात एक जण हत्यार घेऊन फादरांच्या मागं लागल्याचं सीसीटीव्हीत दिसलं होतं. मी तिन्ही दिवस प्रेस गॅलरीत होतो. शिक्षा किती वर्षांची, तीस दिवस आधी कुणाला कळवायचं, कोण काय बोललं, सगळं व्यवस्थित लिहिलं. पुढं मे २०२२ मध्ये वटहुकूम, सप्टेंबरात कायदा, आणि सरकार बदलल्यावर जून २०२३ मध्ये तो मागं घेण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय, याही बातम्या केल्या. त्या विधेयकात नाताळचा 'ना' सुद्धा नव्हता.

२४ च्या रात्री घरी आलो तर आई म्हणाली, "आंटीकडं चांदणी लागली नाही रे यंदा." दरवर्षी त्यांच्या गॅलरीत कागदाची मोठी चांदणी असते, आमच्या आकाशकंदिलासारखीच. ताट आलं ते २६ ला, तेही कापडी पिशवीत घालून. "पोरं म्हणाली, बाहेर काही नको या वर्षी," एवढंच आंटी बोलल्या. माझ्या घरापासून दहा पावलांवरची बातमी, आणि मी ती केली नाही. विचारलंच नाही, तर करणार काय.

याचं मला जास्त लागतं, कारण मी सीमाभागातला मराठी माणूस. हिवाळी अधिवेशन आलं की महाराष्ट्र एकीकरण समिती महामेळावा घेते. अलीकडं त्याला परवानगी नाकारतात, कार्यकर्त्यांना सकाळीच उचलून गाडीत घालतात. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवी म्हणून मराठी अक्षरं बारीक होत चालली. तेव्हा आपणच लिहितो ना, की चार तासांच्या मेळाव्यानं एवढ्या मोठ्या राज्याचं काय बिघडणार आहे? आपल्या पाटीची कुणाला भीती वाटते? हेच दोन प्रश्न आंटींनी मला विचारले तर माझ्याकडं काय उत्तर आहे? आणि आपल्यातलेच काही जण, ज्यांची डोकी मेळाव्याला फुटली, शाळेच्या ग्रुपवर तुळशीची चित्रं टाकतात. ही माणसं वाईट नाहीत. एका ठिकाणी आपण थोडे आहोत आणि दुसऱ्या ठिकाणी पुष्कळ, हे त्यांच्या लक्षात राहत नाही इतकंच.

दिल्लीचंही काही वेगळं नाही. २०१४ पासून २५ डिसेंबर हा सुशासन दिन, कारण अटलजींचा जन्म त्या दिवशीचा, ग्वाल्हेरचा. त्याच पंतप्रधानांनी २०२३ च्या नाताळला आपल्या निवासस्थानी ख्रिस्ती समाजाच्या लोकांना बोलावलं, २०२४ मध्ये बिशप परिषदेच्या नाताळ सोहळ्याला ते स्वतः गेले. वर शुभेच्छा, खाली टोपी उतरवणं. कुठला निरोप खरा समजायचा हे ज्याचं त्यानं ठरवलेलं दिसतं. तारखेचंच म्हणाल तर १९२७ साली याच दिवशी महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, आणि तो दिवस पाळणारेही आपल्याकडं हजारो आहेत. २५ डिसेंबर कुणा एकाचा कधी नव्हताच.

बेळगावकरांना यातली एक गंमत लगेच कळेल. ३१ च्या रात्री आपल्याकडं ओल्डमॅन जाळतात. कॅम्पात गवताचे, कागदाचे मोठमोठे ओल्डमॅन तयार होऊन विकायला उभे राहतात, दाढीवाले, कोट-पँट घातलेले. गल्लीगल्लीतली पोरं वर्गणी मागत फिरतात, त्यात सगळ्या जातीधर्माची असतात. ही चाल शास्त्रात कुठं आहे असं आजवर कुणी विचारलेलं नाही. काल आमच्या गल्लीतलेही पाच जण आले होते. पन्नास दिले तर म्हणाले, "काका, फटाके पण घालायचे आहेत आत." शंभर द्यावे लागले.

शाळेला मी दीडशे रुपये पाठवले आणि लिहिलं, की मुलगी कार्यक्रमाला येईल, टोपीची सक्ती नको, आणि हाच नियम सगळ्या सणांना ठेवा. ग्रुपवरही तेच टाकलं. दोन अंगठे आले. मुलगी मात्र रुसली. सगळ्यांना टोपी आणि मला नाही, म्हणून जेवली नाही. संध्याकाळी आंटींकडं नेवऱ्यांना मुरड घालायला गेली आणि परत आली तेव्हा डोक्यावर टोपी होती. आंटींच्या नातवाची. त्याला ती टोचते म्हणे.