लेखणीलाही रविवार हवा

आमच्या समाजातील लिहित्या माणसांमध्ये अलीकडे एक विचित्र खंत बोकाळली आहे. सण येतो, पाहुणे येतात, मुलांना सुटी लागते आणि चार दिवस हातून ओळ लिहून होत नाही, की ही मंडळी अपराध्यासारखी वावरू लागतात. स्वयंपाकघरात नाताळचा फराळ तळला जात असतो, अंगणात मुले गोठा उभारीत असतात आणि घरचा लेखक मात्र आतल्या खोलीत कोऱ्या कागदापुढे बसून राहतो. किंवा बाहेर येऊन बसला तरी त्याचे चित्त त्या कागदावरच असते. ‘या महिन्यात काहीच लिहिणे झाले नाही हो फादर,’ हे वाक्य आम्ही घरभेटीच्या वेळी अनेकदा ऐकतो आणि तेही अगदी पापनिवेदनाच्या सुरात. पाप कशाला म्हणावे आणि कशाला म्हणू नये, हे सांगण्याचा थोडासा अधिकार आम्हां धर्मगुरूंकडे आहे. तो वापरून आम्ही स्पष्टपणे सांगतो, की आपल्या माणसांसाठी लेखणी खाली ठेवणे हे पाप नव्हे. त्याची टोचणी लावून घेण्याचे काहीही कारण नाही.

या टोचणीच्या समर्थनार्थ एक जुने वचन पुढे केले जाते. ओळीवाचून एकही दिवस जाऊ नये, असा त्याचा आशय. हे वचन उच्चारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याचे मूळ ठाऊक असते. रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या पस्तिसाव्या भागात अपेलीझ नावाच्या ग्रीक चित्रकाराची एक सवय नोंदवली आहे. कितीही कामात असला तरी तो दिवसाकाठी एखादी रेघ ओढल्याशिवाय राहत नसे. म्हणजे मूळची गोष्ट चित्रकाराच्या रेघेची आहे, हाताच्या सरावाची आहे. पुढे त्या रेघेची लेखकाची ओळ झाली आणि सरावाचा कायदा झाला. लेखकाचा सराव केवळ हाताचा असतो, असे ज्यांना वाटते त्यांनी हा कायदा खुशाल पाळावा. आमच्या समजुतीप्रमाणे लेखकाला ऐकण्याचा, पाहण्याचा आणि माणसांत मिसळण्याचाही सराव लागतो आणि तो मेजापाशी बसून होत नाही.

आपल्याच परंपरेकडे पाहा. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले ते १६१६ साली. मध्ये ३७ वर्षे गेली. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ एका परदेशी माणसाने मराठीत रचला, तो रोजच्या ओळींचा हिशेब ठेवून रचला असेल काय? सासष्टीच्या लोकांमध्ये राहून, त्यांची बोली कानांत साठवून, मगच ती ओवी त्यांच्या हाती लागली असली पाहिजे.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपाने प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्यांनी वयाची पासष्टी ओलांडली होती. मराठी गद्यात आज ज्या पुस्तकाचा मान सर्वमान्य आहे, ते कशाचे बनले आहे? सोवळ्या-ओवळ्याचे, प्लेगचे, नवऱ्याच्या अफाट आणि विक्षिप्त औदार्याचे, माणसांनी सदैव भरलेल्या घराचे. लक्ष्मीबाई तो संसार पुस्तकासाठी जगल्या नाहीत. त्या तो जगल्या, म्हणून पुस्तक झाले. आणि रेव्हरंड टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ १९१९ साली त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले, तेव्हा ते पूर्ण करण्यास घरचेच माणूस पुढे आले, हेही विसरू नये.

आता कोणी म्हणेल, की फादर आळसाला उत्तेजन देत आहेत. या आक्षेपाचे उत्तर संत थॉमस अक्वायनस यांनी सातशेहून अधिक वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात खेळ आणि विनोद यांचा विचार करताना ते प्राचीन संन्यासीवाङ्मयातील एक कथा सांगतात. संत योहान शिष्यांसमवेत विरंगुळ्यात रमलेले पाहून कोणाला धक्का बसला. त्याच्याजवळ धनुष्य होते. योहानांनी त्याला बाण सोडायला लावले आणि विचारले, असे सतत करता येईल काय? धनुष्य मोडेल, असे तो म्हणाला. मनाचेही तसेच, हे त्या कथेचे सार. अक्वायनस एवढ्यावर थांबत नाहीत. जो स्वतः कधी हसत-खेळत नाही आणि दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालतो, त्याच्या वागण्यात दोष आहे, असा निर्वाळा ते देतात. आळसाविषयीचे त्यांचे म्हणणे तर आजच्या माणसाला चक्रावून टाकील. आत्म्याच्या आळसाचे पाप ते शब्बाथ पवित्र पाळण्याच्या आज्ञेविरुद्धचे पाप मानतात. देवाच्या ठायी विसावता न येणे, हा तो आळस. तेव्हा सुटीच्या दिवशीही ज्याचा जीव स्वस्थ होत नाही, त्याने आपल्या उद्योगाचा फार अभिमान बाळगू नये. जर्मन कॅथलिक तत्त्वज्ञ योसेफ पीपर यांनी १९४८ साली, युद्धाने उद्ध्वस्त झालेला देश पुन्हा उभारण्याची सर्वत्र घाई चालली असताना, नेमका हाच मुद्दा मांडला. निवांतपणा हा संस्कृतीचा पाया आहे, कामातून उरलेला चोथा नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील १२४७ वे कलम रविवारी जी कामे टाळायला सांगते, त्यांत उपासनेला बाधा आणणारी कामे आहेतच. पण प्रभूच्या दिवसाचा आनंद आणि शरीर-मनाची योग्य विश्रांती हिरावून घेणारी कामेही आहेत. लेखनाला यातून सूट दिल्याचे आमच्या वाचनात नाही. पत्रकारिता किंवा भाषांतर यांवर ज्यांचे पोट आहे, त्यांची अडचण आम्ही जाणतो. पण कामगाराची विश्रांती हा त्याचा हक्क असून ती देणे धन्यावर बंधनकारक आहे, हे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात सांगितले. तेव्हा पोटासाठी लिहिणाऱ्याची टोचणी मालकाने लावून घ्यावी, लेखकाने नव्हे.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. आपल्या समाजात मराठीत लिहिणारे मूठभर. मुले इंग्रजी माध्यमात गेलेली. अशा वेळी या मूठभरांनीही लेखणी खाली ठेवली तर आपली मराठी टिकवायची कोणी? हा प्रश्न प्रामाणिक आहे. पण त्याचे उत्तर आतल्या खोलीत नाही, जेवणाच्या पंगतीत आहे. ज्या लेखकाचा मुलगा बापाचा लेख वाचू शकत नाही, त्या लेखकाने आणखी एक लेख लिहून नेमकी कोणती भाषा वाचवली? भाषा मुलांच्या तोंडी बसते ती आजीच्या गोष्टीने, आईच्या रागावण्याने, बापाच्या थट्टेने. वसईकडच्या आमच्या घरांतून कादोडी आणि वाडवळी या बोली आजवर चालत आल्या, त्या काही मासिकांच्या आधाराने नव्हेत. जो बाप मराठीच्या चिंतेपायी संध्याकाळी मुलांशी मराठीत बोलायलाच मोकळा नसतो, तो भाषेचा उद्याचा वाचक आपल्याच घरात गमावतो. आम्हांला या साऱ्या प्रकरणातील खरा धोका हा वाटतो.

येथे भगिनींच्या वतीनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. ‘लेखन बाजूला ठेवून कुटुंबात रमा’ हा उपदेश पुरुषाला गोड वाटतो. कारण त्याच्यासाठी कुटुंबात रमणे म्हणजे तयार फराळाच्या ताटापाशी बसणे. लिहिणाऱ्या स्त्रीला मात्र सण म्हणजे दुप्पट काम. तिचे लेखन वर्षभर उष्ट्या-खरकट्यातून उरलेल्या वेळात होते आणि सणात तेही जाते. तिला विश्रांतीचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. म्हणून आमचे म्हणणे असे, की लेखकाने लेखणी खाली ठेवल्यावर हात मोकळे होतात, ते भांडी घासण्यासाठीही वापरावेत. घरचे काम वाटून घेतले, तरच घरची सुटी सर्वांची होते.

राहिली शंका सराव मोडण्याची. इंग्रज येशूसंघीय कवी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स यांनी १८६८ साली आपल्या कविता जाळल्या आणि पुढे सात वर्षे जवळजवळ काहीच लिहिले नाही. त्यांचे मौन व्रताचे होते, सुटीचे नव्हते, हे खरे. पण १८७५ च्या डिसेंबरात ‘डॉइचलंट’ हे जहाज बुडाले आणि वरिष्ठांच्या एका उद्गाराने त्यांनी पुन्हा लेखणी उचलली, तेव्हा त्यातून त्यांची महत्त्वाची दीर्घ कविता जन्मली. सात वर्षांनी जे हरवले नाही, ते पंधरा दिवसांच्या सुटीने हरवेल, ही भीती व्यर्थ आहे. आमचा बागायतदार हे जाणतो. जमीन पड ठेवली म्हणून तो तिला वांझ म्हणत नाही. आणि लेवीय ग्रंथाने तर सातवे वर्ष जमिनीच्या विश्रांतीसाठीच राखून ठेवले आहे.

एक पथ्य मात्र सांगितले पाहिजे. सुटी घ्यायची तर पुरती घ्यावी. आजी जुनी आठवण सांगत असताना ज्याच्या मनात तिचा लेख जुळत असतो, तो आजीचे ऐकत नसतो, माल गोळा करीत असतो. तीच गोष्ट पंगतीत बसून मोबाइलवर टिपणे काढणाऱ्याची. घरच्या माणसांना आपण कोणाच्या तरी लेखाचे साहित्य आहोत, असे वाटता कामा नये.

संपादकांनाही आमची विनंती आहे. १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून मराठी लेखकाचा सण हा त्याच्या मजकुराच्या मुदतीचा सण झाला आहे. आपल्या नाताळ विशेषांकांनीही तोच कित्ता गिरवला. मजकूर लवकर मागवावा, आगमनकाळ सुरू होताच तगादे थांबवावेत आणि ‘या वेळी जमणार नाही’ एवढे कळवणाऱ्याकडे कारण मागू नये. लेखकबंधुभगिनींनी २४ डिसेंबरपासून ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत लेखणी मिटून ठेवावी आणि त्याबद्दल कोणापाशीही, आमच्यापाशीसुद्धा, दिलगिरी व्यक्त करू नये.